चित्रावरची कापलेली तारीख

गुरुवारी सकाळी दहाला त्या वस्तीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सहा आसनी रिक्षा, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अर्धा फर्लांग लागल्या होत्या. वस्तीचं नाव मी सांगत नाही. वस्तीची काही चूक नव्हती.

मांडवाच्या तोंडाशी दहा फुटी फ्लेक्स होता. त्यावर देव नव्हता, बाबाही नव्हता. दोन चित्रं होती, काळ्या पाटीवर लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची आडवी पट्टी. डावीकडच्या चित्रात पट्टी मधोमध तुटलेली आणि तुटलेल्या कडा वर उचललेल्या. वर लिहिलं होतं ‘आधी’. उजवीकडे तीच पट्टी सलग, मधे फक्त हलकासा खळगा. वर ‘नंतर’. खाली मोठ्या अक्षरांत : श्री चक्षुनाथ महाराजांची कृपा. ना सुई, ना टाका.

महाराज माइकवर होते.

“बगा माउली, नीट बगा! ह्ये डोळ्याच्या आतलं करणीचं तोंड! दोन जबडं कसं उघडल्यात बगा. ह्ये मानसाची नजर खातं! आन् ह्यो फोटू माझ्या घरचा न्हाई बरं का. पुन्याच्या डाक्टरच्या मशिनीनं काढलाय. सायन्सला तोंड दिसलं, पर सायन्सला मिटवता आलं का?”

“न्हाई!” गर्दी ओरडली.

“मिटवलं कुनी?”

“चक्षुनाथ महाराज की जय!”

मी बन्सी. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं डोळे तपासतोय. या बावीस वर्षांत लोकांनी डोळ्यात काय काय घातलेलं मी पाहिलंय : मध, कांद्याचा रस, चघळलेला पाला, एकदा तर बॅटरीतली काळी भुकटी. सुरुवातीला संताप यायचा. मी भांडायचो, घसा फुटेपर्यंत समजावायचो. आता संताप येत नाही, दमल्यासारखं वाटतं. डोळा धुतो, औषध घालतो, चिठ्ठी लिहितो. तेव्हा फ्लेक्सवरच्या दोन चित्रांसाठी मी रजा टाकून तिथे गेलो नसतो. पण त्या रांगेत, पुढून अकरावी, माझी थोरली बहीण उभी होती.

गिताबाई तिचं नाव. मी आक्का म्हणतो. दौंडात शिवणकाम करते. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो; आक्काने ब्लाउज शिवून मला वाढवलं आणि शिकायला पाठवलं. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बावीस प्रतिज्ञा मी तिच्याकडूनच पाठ केल्या, आणि एक चुकली की पुन्हा पहिलीपासून म्हणायला लावायची ती. अशी बाई त्या रांगेत होती.

जूनमध्ये तिचा फोन आला होता. “बन्सी, मी शिलाई सरळ मारते. गिऱ्हाईक म्हनतं सरळ हाय. मला मधीच वाकडी दिसती.”

मी गेलो, डावा डोळा झाकून तिला भिंतीकडे बघायला लावलं. ती हळूच म्हणाली, “बाबासाहेबांचं तोंड दिसंना रं मला. कोट दिसतो, टाय दिसतो. तोंडाच्या जागी नुसतं कोरं.”

मी तिला पुण्याला घेऊन गेलो. तिथल्या दवाखान्यात हनुवटी टेकवून आत दिव्याच्या ठिपक्याकडे बघायचं असं यंत्र आहे. डोळ्याला हात न लावता ते डोळ्याच्या मागच्या पडद्याचा उभा काप दाखवतं, कलिंगड कापून दाखवावं तसा. आक्काच्या चित्रात पडद्याच्या मधोमध भोक होतं, खसखशीच्या दाण्याहून लहान. डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं. वयामुळे होतं, कुणाच्या पापामुळे नाही. डोळ्यातला घट्टसर बलक काढायचा, आत वायूचा बुडबुडा सोडायचा आणि आठवडाभर पालथं राहायचं. बुडबुडा वर तरंगतो, पालथं झालं की तो मागच्या पडद्याला टेकतो, आणि त्याच्या आधाराने भोकाच्या कडा जुळतात. भोक लहान आहे तोवर करा, महिन्याभरात करा.

आक्का हो म्हणाली. मग गणवेश शिवायची घाई निघाली. मग म्हणाली, विहारात पावसाळ्याचं, वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे, ते संपू दे. मग म्हणाली, पाऊस उघडू दे. सप्टेंबर उजाडला. शेवटी तिच्या शेजारच्या मायाने मला फोन केला. “दादा, तुमाला सांगू का नको कळंना. आक्का दर गुरुवारी त्या वस्तीवर जातात.”

आता रांग सरकून ती देवीच्या मूर्तीसमोर पोचली होती. चौरंगावर पितळी मुखवटा, वीतभर उंचीचा. खाली चांदीची पावलं.

“डावा डोळा झाक,” महाराज म्हणाले. “बग देवीच्या मुखाकडं. दिसतं का?”

“न्हाई,” आक्का म्हणाली.

“दिसनार कसं? करणी मधी बसलीया!” त्यांनी तिच्या पापणीवर विभूती फासली, काहीतरी पुटपुटले. “आता नजर खाली. चरणावर. चरण सोडायचं न्हाई! पाप्यानं मुखाकडं बगू नये, मुख आपसूक येतं. आलं का?”

आक्का म्हणाली, “आलं… आलं वो. नथ दिसती.”

मांडव दणाणला. बायकांनी हात जोडले. मी खांबाला टेकून उभा राहिलो. लबाडी साधी होती, आणि साध्या लबाडीपुढे मला नेहमीच जास्त थकायला होतं.

आक्का वळली आणि तिला मी दिसलो. ती माझ्यामागे आली. टेम्पोत बसल्यावर म्हणाली, “लाज वाटती का माजी?”

“नाही.”

“मला वाटती. पर मला भ्या वाटतं बन्सी. डोळ्यात ग्यास भरनार म्हनं. डोळा फुटला तर? हात हाय, मशीन हाय, आन् डोळाच न्हाई तर मी काय करू?” मग तिने विचारलं, “आन् मला खरंच दिसलं. मी खोटं बोलते का?”

“नाही आक्का. तुला खरंच दिसलं.”

दौंडात तिच्या घरी गेल्यावर मी तिला पापणी धुवायला सांगितली. मग डावा डोळा झाकून तसबिरीसमोर बसवलं.

“तोंडाकडे बघ.”

“न्हाई दिसत.”

“आता टायच्या गाठीकडे बघ. नजर तिथेच ठेव.”

बाहेर रेल्वेचं इंजिन शिटी देऊन गेलं. आक्का हलली नाही.

“चष्मा दिसतोय,” ती म्हणाली. “पुसट. पर दिसतोय.”

“भोक पडद्याच्या मधोमध आहे. ज्याच्याकडे रोखून बघशील ते त्या भोकात जातं. नजर खाली केलीस की तोंड भोकाबाहेर पडतं. त्याने बरं काहीच केलं नाही. कुठे बघायचं तेवढं सांगितलं.”

तिने शिवणयंत्रावर बोट टेकवत मोजलं. मग म्हणाली, “आकरा गुरुवार.”

“हो.”

“आन् त्ये फोटू? जबडा मिटल्याला त्यो?”

त्याचंही उत्तर मला बहुधा माहीत होतं. अशा प्रत्येक चित्राच्या कडेला रुग्णाचं नाव, कोणता डोळा आणि तारीख छापलेली असते. फ्लेक्सवर ती कडच नव्हती. कुणीतरी कात्रीने नीट कापलेली. आणि वर्षभरात पडद्याच्या भोकाचे दोनच रुग्ण मी पुण्याला पाठवले होते. एक माझी बहीण. दुसऱ्या कवठे येमाईच्या साखरबाई.

शनिवारी मी एसटीने कवठ्याला गेलो. साखरबाई ओसरीवर कांदा निवडत होत्या. मला पाहताच उठल्या, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, “तुमी फोटूचं इचारायला आलाव ना, भाऊ?”

त्यांनी पेटीतून फाइल काढली. पहिलं चित्र : नऊ जानेवारी, तुटलेली पट्टी. दुसरं : सत्तावीस मार्च, सलग पट्टी. दोन्हींच्या मधे दवाखान्यातून सोडल्याचं कार्ड : सोळा जानेवारी, उजवा डोळा, शस्त्रक्रिया.

“मी घरात पालथी पडले व्हते,” त्या सांगू लागल्या. “धाकल्या दिरानं महाराजाला आनलं. डोळ्यात एक गोल मनी हलायचा, पान्यावर हलावा तसा. महाराज म्हनले, ह्यो देवीचा मनी. रोज लहान व्हईल, दोन म्हैन्यांत मोहरीएवढा व्हईल आन् जाईल. गेला की दिसंल. आन् तसंच झालं की वो.”

“दोन महिने हे त्याला कुठून कळलं?”

साखरबाईंनी एक सडका कांदा बाजूला टाकला. “डाक्टरनं मला सांगितलं व्हतं. बुडबुडा दोन म्हैन्यांत जिरंल म्हनून. म्या त्येला सांगितलं.” मग म्हणाल्या, “त्येनं तेच मला परत सांगितलं.”

“मग तुम्ही गप्प का राहिलात?”

“फोटूची रंगीत झेराक्स दिराकडनं नेली त्येनं. मला म्हनला, आपरेशनचं बोलू नको. खोटं बोल म्हनला न्हाई, भाऊ. नुसतं बोलू नको म्हनला. मला वाटलं, दोन्हींचा गुन आसंल. देवाचाबी, डाक्टरचाबी. कुनाला कशाला दुखवा?”

मी त्यांना आक्काबद्दल सांगितलं. त्यांचं ऑपरेशन झाकून ठेवल्यामुळे एक बाई अकरा गुरुवार त्या चित्राच्या भरवशावर बसली, आणि रोज भोक रुंदावतंय, एवढंच. साखरबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला. म्हणाल्या, “गुरुवारी येते मी.”

आक्का तर माझ्या आधी तयार होती. मी म्हटलं, तू नको येऊस, पुण्याची तारीख घेतलीय, तू आराम कर. ती म्हणाली, “जिथं मी ‘दिसलं’ म्हनले तिथंच सांगनार. माझ्यामागं त्या दिशी कितीजनी हात जोडत व्हत्या.”

गुरुवारी पुन्हा तीच गर्दी, तोच माइक, तेच जबडे. माझी पाळी आल्यावर मी मूर्तीकडे न जाता फ्लेक्सकडे बोट केलं.

“महाराज, अशा चित्रावर तारीख असते. ती कुठे गेली?”

त्यांनी मला नीट पाहिलं, आणि तेव्हा मी त्यांना ओळखलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या नेत्रशिबिरांना रुग्ण घेऊन येणारा जीपवाला पोपटराव. दाढी नवी होती. मी रुग्णांना सांगितलेला शब्दन् शब्द त्याने तिथे बसून ऐकला असणार.

“देवाच्या कामाला तारीख नसती, लेकरा!” तो माइकवर म्हणाला. हशा पिकला.

“यंत्राच्या कामाला असते.” मी साखरबाईंची फाइल उघडली. पुढेच आजीला घेऊन आलेली एक कॉलेजची मुलगी बसली होती, अक्षदा नावाची. तिला म्हटलं, मी वाचलं तर लोक म्हणतील मी बनवतोय, तू वाच.

तिने खणखणीत वाचलं. “नऊ जानेवारी. भोक. सत्तावीस मार्च. भोक बंद.” मग मधलं कार्ड. “सोळा जानेवारी. उजवा डोळा. शस्त्रक्रिया…” ती थांबली. “म्हंजी ऑपरेशन मधीच झालंय की!”

“त्ये फेल गेलं व्हतं!” पोपटराव ओरडला. “डाक्टरनं हात टेकले तवा बाई माझ्याकडं आली!”

“न्हाई.” साखरबाई डोक्यावरचा पदर सारखा करत उभ्या राहिल्या. “फेल न्हाई गेलं. मी तुमच्याकडं आलेच न्हाई, तुमी माझ्या घरी आला. आन् आपरेशनचं बोलू नको म्हनला. सांगा, म्हनला का न्हाई?”

मांडवात कुजबुज सुरू झाली. पोपटरावाने मुखवट्याकडे हात केला. “आन् ह्ये काय? मागल्या गुरुवारी ह्या बाईला देवीनं दर्शन दिलं, समद्यांनी बगितलं! माझी विभूती खोटी का?”

आक्का पुढे झाली. तिने तांब्यातलं पाणी घेऊन सगळ्यांसमोर उजवी पापणी धुतली, पदराने पुसली. डावा डोळा झाकला.

“आता मुखाकडं बगते. न्हाई दिसत.” मग म्हणाली, “आता चरणाकडं बगते. नथ दिसती. इभूत न्हाई, मंतर न्हाई, तरी दिसती. आता खालच्या चौरंगाच्या पायाकडं बगते. तर चरण दिसत्यात!” ती गर्दीकडे वळली. “माझ्या डोळ्यात मधी भोक हाय. बाजूनं दिसतं. त्ये मला माहीत नव्हतं, ह्येला माहीत व्हतं. एवढाच चमत्कार.”

पाठीमागून कुणी म्हणालं, “तुमचं डोळं खराब हाय. आमचं चांगलंय. आमाला काय कळनार?”

मी म्हटलं, चांगल्या डोळ्यातही एक जागा आंधळी असते. सगळ्यांनी डावा डोळा मिटा. दोन्ही अंगठे हात लांब करून समोर धरा, नखं वर. नजर डाव्या अंगठ्यावर. ती हलवायची नाही. आता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या, जवळजवळ वीतभर.

तीन-चारशे माणसं एक डोळा मिटून अंगठे दाखवत उभी. बावीस वर्षांत असं दृश्य मी पाहिलं नव्हतं.

“अगं बया! नख गेलं की!” एक म्हातारी किंचाळली.

“माझंबी! आन् परत आलं!”

“करणी झाली का तुम्हा सगळ्यांवर?” मी विचारलं. “डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे पडदा नसतो. तिथे पडलेलं दिसत नाही. नजर वळवली की दिसतं. डोळा असाच असतो. महाराज असो वा नसो.”

पोपटरावाने माइक बंद केला. मग परत चालू केला. “अश्रद्धेचा विटाळ झालाय. आज दर्शन बंद!”

अशा गोष्टीत इथे पोलीस येतात, बाबा पळतो, लोक टाळ्या वाजवतात. तसं काही झालं नाही. निम्मी गर्दी उठली. काहीजणींनी साखरबाईंना घेरलं, त्यांची फाइल हातोहात फिरली. निम्मी गर्दी बसून राहिली. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “तुमचं खरं असंल सायेब. पर आमी लई लांबून आलोय.” आणि ते दर्शन उघडायची वाट बघत रांगेतच थांबले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू मला उभ्या-उभ्या दिसत होते. मी त्यांना दवाखान्याचा वार सांगितला. ते आले नाहीत. तीन आठवड्यांनी कळलं, फ्लेक्स बदललाय. आता त्यावर गुडघ्याचे एक्स-रे आहेत. आधी आणि नंतर.

आक्काचं ऑपरेशन पुढच्याच सोमवारी झालं. घरी आल्यावर गोधड्यांच्या चळतीवर कपाळ टेकून ती आठवडाभर पालथी राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला. मान अवघडली, डोळा उघडला तर सगळं दुधाळ. “बन्सी, काहीच दिसत न्हाई. गेला डोळा.” मी यंत्रातली चित्रं, आकडे, टक्केवारी सगळं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग साखरबाई आल्या. आक्काशेजारी जमिनीवर आडव्या झाल्या, तिचं तोंड होतं तिथे तोंड नेऊन बोलू लागल्या.

“मलाबी काय दिसत नव्हतं. पंधरा दिसांनी वरनं उजेड येतो. पान्याच्या टाकीत पातळी दिसती ना, तशी रेघ दिसंल, हलंल. घाबरू नगंस. रेघ खाली खाली जाती. मग मनी व्हतो. मग जातो. ह्ये समद्यांला व्हतं, देवाचं न्हाई त्ये.”

आक्का त्या रात्री शांत झोपली म्हणे. पुढे रेघ आली, मणी आला, मणी गेला.

डिसेंबरात पुन्हा पुण्याला गेलो. तिने हनुवटी टेकवली, ठिपक्याकडे बघितलं. पडद्यावर चित्र उमटलं. पट्टी सलग होती. डॉक्टर खूश झाले. मीही झालो. मग तिने अक्षरांचा तक्ता वाचला. जूनमध्ये त्या डोळ्याने वरचं एकच मोठं अक्षर वाचलं होतं, आता चार ओळी वाचल्या. पाचवीला अडली. शिलाई अजून जरा वाकडी दिसते म्हणाली.

“जूनमध्येच केलं असतं तर?” तिने सरळ विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिला खरं ऐकायचं होतं. “कदाचित आणखी दोन ओळी,” ते म्हणाले. “भोक तेव्हा लहान होतं.”

आक्काने तक्त्याकडे बघितलं. म्हणाली, “त्या दोन वळी माझ्या मी घालवल्या. त्येला दोष दिऊन त्या येत न्हाईत.”

मला ते पटत नाही. दोष त्याचाही आहे. पण ओळी येत नाहीत हे खरं.

म्हणून लिहितोय. श्रद्धा कुणावर ठेवायची ते मी सांगणार नाही, तेवढा माझा आवाज उरलेला नाही. पण गुण आला असं कुणी सांगितलं तर कागद मागा. कागदावर नाव आणि तारीख आहे का बघा. दोन तारखांच्या मधे काय झालं ते विचारा. विचारल्याने खरं औषध बिघडत नाही. आणि सरळ रेघ वाकडी दिसली, समोरच्याचं तोंडच तेवढं दिसेनासं झालं, तर डोळा दुखत नाही म्हणून थांबू नका. या. उशीर झाला असेल तर मी चिडेन, पण तपासेन. सोमवार आणि गुरुवार, सकाळी नऊपासून. गुरुवार मी मुद्दाम मागून घेतलाय.